पाय हलला त्याची नोंद

२ डिसेंबर, मंगळवार

आज सकाळी सव्वासात वाजता भूषणचा डावा पाय हलला.

ही वही मोटरींची आहे. बेचाळीस वर्षं जालना जिल्ह्यातल्या आष्टीत मोटर वाइंडिंग करतोय. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं जळालेल्या मोटरी उघडून उघडून शिकलो. कोणती मोटर आली, तारेचा गेज किती, वेढे किती, काय बिघडलं, काय केलं, सगळं लिहून ठेवायची सवय. आजपासून मागच्या कोऱ्या पानांवर पोराचं लिहितो. लिहिलेलं पक्कं राहतं.

तक्रार: ऑक्टोबरच्या नऊ तारखेला शेतात सौर पंपाच्या सांगाड्यावर चढून पाट्या बसवत होता, वरून पाठीवर पडला. मणका मोडला. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. बेंबीच्या खाली काही कळत नाही, पाय ओल्या पोत्यासारखे पडून.

आज मी ओल्या फडक्यानं तळवा पुसत होतो, तर अंगठा वर झाला आणि गुडघ्यापासून पाय सरकन आत ओढला गेला. फडकं माझ्या हातातून पडलं. मी हिला हाक मारली. चांगुणा पीठ लागलेल्या हातानं आली. मी परत पुसलं. परत ओढला.

"गार लागलं त्याला," ती म्हणाली आणि खालीच बसली.

भूषण आढ्याकडं बघत होता. म्हणाला, "मला काही कळलं न्हाई, बाबा."

"तुझं ध्यान न्हवतं," मी म्हणालो.

सूनबाई दारात उभी होती. प्रिया इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिला निघायची घाई असते. पदरानं डोळे टिपत आत गेली. आनंदाचं रडू माणसाला लपवावंसं वाटतं.

४ डिसेंबर

डावा पाय: दहा वेळा तळव्याला बोट लावलं, नऊ वेळा ओढला. उजवा: दहात सहा. परवापेक्षा उजव्यात सुधारणा.

मी आता दुकानात जाण्याआधी रोज सकाळी चहा घेऊन त्याच्या खोलीत जातो. महिनाभर मला त्या खोलीत जायला जड जात होतं, खोटं कशाला लिहू. दारातूनच "काय रे, बरं आहे ना" म्हणायचो आणि चपला घालायचो. आता पाय आपोआप तिकडं वळतात.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या. भूषणला पांढरा सदरा घालायचा होता. मी घालत होतो तर सदऱ्याची कड पोटाला लागली आणि तो असा कळवळला, जसं कोणी पळीनं डाग दिला.

"अरे, कापड आहे."

"मला माहीत आहे कापड आहे. काढा ते."

पोटाभोवती चार बोटं रुंद पट्टा आहे, बेंबीच्या जरा वर. तिथं फुंकर घातली तरी त्याला भाजल्यासारखं होतं. जरा जोरानं दाबलं तर उलट कमी दुखतं म्हणतो. आता हे काय गणित? मी त्याला बोललो, "आपल्या आजोबाचा पाय मोटेच्या दोरात सापडला तर ते हूं का चूं बोलले न्हाईत. तू कापडाला भितो." त्यानं सदरा घातला नाही. दिवसभर उघड्या पोटानं, खांद्यावर टॉवेल घेऊन राहिला. थंडी पडली आहे.

दुपारी सुरुची मॅडम आल्या. फिजिओथेरपीवाल्या, जालन्याहून दर शनिवारी येतात. वय सव्वीस असेल, पण हात पक्का. मी त्यांना पाय करून दाखवला. त्या म्हणाल्या, "काका, हे हलणं मेंदूकडून येत न्हाई. खाली मणक्यातच..."

तेवढ्यात मी चहा टाकायला उठलो. मॅडम हुशार आहेत, पण अजून किती पाय बघितले असतील त्यांनी.

जाताना त्यांनी एक गोष्ट काढली. पुण्याकडं एक केंद्र आहे. तिथं अशी माणसं सहा आठवडे ठेवून घेतात आणि चाकांच्या खुर्चीवर जगायला शिकवतात. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत, आपली आंघोळ आपण. बारा जानेवारीला एक जागा रिकामी होते. अठरा डिसेंबरपर्यंत हो-नाही कळवायचं.

प्रिया लगेच म्हणाली, "कळवू या."

मी म्हणालो, "पाय येऊन राह्यलेत आणि तुम्ही त्याला खुर्चीची सवय लावता. एकदा बूड बसलं की उठवणार कोण?"

प्रियानं केंद्राचा नंबर लिहून घेतला.

९ डिसेंबर

साहेबराव आला होता दुकानात, पाच हॉर्सपॉवरची मोटर घेऊन. बेअरिंग गेलं आणि त्यानं वाइंडिंगही खाल्लं. बसल्या बसल्या त्याला पायाचं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या साडूला लकवा झाला तर काय केलं माहीत आहे का? तापलेल्या विटेचा शेक. वर एरंडाची पानं बांधायची, मोजा घालायचा, काढायचंच न्हाई. तीन महिन्यांत बैलपोळ्याला बैल घेऊन गावात फिरला."

मी घरी येऊन विषय काढला. प्रिया म्हणाली, "मामा, दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय, गरम काही लावायचं न्हाई."

"कागद सगळ्यांना एकच देतात," मी म्हणालो. तिनं कागद आणून माझ्यापुढं ठेवला. मी चष्मा सापडत नाही म्हणालो.

१४ डिसेंबर, रविवार

प्रिया उद्यापासून पाच दिवस जालन्याला प्रशिक्षणाला. राहायलाही तिथंच. मला एक कागद लिहून दिला: लघवीच्या नळीची पिशवी किती वाजता रिकामी करायची, कूस बदलायची किती वाजता, आणि दोन वेळा अंग बघायचं, पाठ, कंबर, टाचा, कुठं लाल दिसतंय का. "त्याला कळत न्हाई मामा, म्हणून आपण बघायचं."

निघताना ती खोलीत बराच वेळ होती. दोघं हळू बोलत होते. मला एवढंच ऐकू आलं, भूषण म्हणाला, "राहू दे गं, त्यांना तेवढंच आहे."

कोणाबद्दल होतं कोण जाणे.

१५ डिसेंबर

शेक चालू केला. चांगुणानं चुलीवर वीट तापवली, तीनपदरी फडक्यात गुंडाळली. मी आधी माझ्या गालाला लावून बघितली. मग टाचेला लावली, तर पाय असा झटक्यात ओढला की वीट बाजूला पडली.

मला हायसं वाटलं. प्रियाची भीती होती की त्याला कळत नाही आणि भाजेल. आता पायच सांगतो ना. सोसलं नाही तर ओढून घेईल. विटेवर टाच ठेवली, गुडघ्यावर हलका हात ठेवला म्हणजे पडणार नाही, आणि पंधरा मिनिटं बसलो. पहिले दोन झटके सोडले तर पाय शांत राहिला. म्हणजे सोसवत होतं. मग एरंडाचं पान, वर लोकरीचा मोजा.

भूषण म्हणाला, "बाबा, प्रियाला विचारलं का?"

"तिला आल्यावर चालून दाखव, मंग विचारू."

तो हसला. पडल्यापासून पहिल्यांदा त्याला हसताना बघितलं.

१६ डिसेंबर

शेक सकाळ-संध्याकाळ. अंग बघितलं: पाठ ठीक, कंबर ठीक. टाचा बांधलेल्या आहेत.

१७ डिसेंबर

गुण येतोय. आज हात न लावता पाय हलले. दोन्ही. चादर उडाली. चांगुणा म्हणाली, "मेलं, लाथ मारून राह्यलं की पोरगं."

दुपारी चौदा वेळा मोजले, नंतर मोजणं सोडलं. कधी गुडघा पोटाशी येतो आणि थरथरत तसाच राहतो, सरळ करायला दोन माणसं लागतात. ताकद बघा. दीड महिन्यापूर्वी पोतं होतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

पाय रात्रभर उडत राहिले म्हणे, भूषणचा डोळ्याला डोळा नाही. अंथरूण ओलं झालं, नळीच्या बाजूनं गळलं. तोंड उतरलंय. म्हणतो, "बाबा, खाली कुठंतरी काहीतरी बिघडलंय. कालपासून असं कामून उडून राह्यलेत? बघा ना एकदा."

मी पाठ बघितली, कंबर बघितली, नळीची पिशवी बघितली. सगळं बराबर. त्याला म्हणालो, "मोटर बंद पडून महिना झाला की पहिल्यांदा चालू करताना आवाज करतेच."

मग मी केंद्राला फोन लावायचं काढलं, शेवटचा दिवस आज. त्याला विचारलं. न विचारता केलं असं कोणी म्हणू नये. त्यानं उलट मलाच विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं तू पाडव्याला उभा राहशील."

"मंग तसं करा."

मी फोन करून जागा नको म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, पेशंटशी बोलू का. मी म्हणालो, मी बापच बोलतोय.

१९ डिसेंबर

प्रिया संध्याकाळी आली. पिशवी दारात ठेवली, सरळ खोलीत गेली, मोजे काढले.

डाव्या टाचेला रुपयाच्या दोन नाण्यांएवढा फोड, फुटलेला. भोवती काळं. उजवीला लाल. एरंडाचं पान कातडीला चिकटलं होतं.

भूषणला पान ओढून काढतानाही काही कळलं नाही. तो विचारत होता, "काय झालं? कामून गप्प बसलात सगळे?"

२० डिसेंबर

जालन्याच्या दवाखान्यात होतो दिवसभर. डॉक्टरांनी मेलेली कातडी कापली. भूल द्यायची गरजच नव्हती. भूषण मोबाइल बघत होता आणि त्याच्या टाचेला कात्री चालत होती. कात्री लागली की पाय उडायचा, एका वॉर्डबॉयनं धरून ठेवला होता. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

जखम भरायला दोन महिने. तोवर टाच टेकवायची नाही.

येताना गाडीत चांगुणा म्हणाली, "पाय बोंबलून राह्यला होता आणि तुम्ही नाच समजून मोजत बसला." थोड्या वेळानं म्हणाली, "वीट मीच तापवून दिली." 

प्रिया मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२२ डिसेंबर

सुरुची मॅडम मुद्दाम आल्या. यावेळी मी चहाला उठलो नाही.

त्यांनी माझ्या वहीच्या पानावर चित्र काढलं. पायाच्या तळव्यापासून खबर मणक्यापर्यंत जाते. तिथंच एक छोटं ठाणं आहे. पाय ओढायचा हुकूम तिथूनच सुटतो, डोक्याला विचारायला जात नाही. सगळ्यांचंच असं असतं, म्हणून तर चटका बसला की आधी हात निघतो आणि मग दुखतं. पण धडधाकट माणसात डोकं वरून त्या ठाण्याला ताब्यात ठेवतं. भूषणची वरची वाट तुटली. पहिला महिना-दीड महिना धक्क्यानं ठाणंही बंद होतं. आता ते जागं झालं, पण वर कोणी साहेब नाही. म्हणून एका बोटालाही तो लाथ मारतो. आणि खाली काही टोचलं, भाजलं, लघवी तुंबली, तर जास्तच मारतो. त्याला दुखत नाही, पण अंगाला कळतं.

"मंग पोटाला सदरा लागला तर ओरडतो, ते?"

"ती तुटल्याची कड आहे, काका. तिथल्या नसा चवताळल्यात. साध्या स्पर्शाची खबर त्या आगीची म्हणून वर पोचवतात. त्याला खरंच भाजतं. नाटक न्हाई."

मी विचारलं, "सगळे पाय उडणारे असेच? कोणाचे येत न्हाईत का?"

"काहींचे येतात. ज्यांना स्वतःहून अंगठा हलवता येतो, थोडं तरी कळतं, त्यांचे. भूषणदादाला अडीच महिन्यांत एकदाही न्हाई." त्यांनी खोटी आशा लावली नाही, त्याबद्दल तेव्हा राग आला, आता नाही.

त्या गेल्यावर दुकानात जाऊन बसलो. शेतकरी येतात, म्हणतात, तात्या, लाईन आहे, टेस्टर पेटतोय, मोटरच खराब. मी बेचाळीस वर्षं त्यांना हसत आलो. अरे बाबा, मेलेल्या तारेशेजारून चालू तार गेली तरी टेस्टर पेटतो. त्याच्यावर मोटर फिरत नाही. हे मी शेंबड्या पोरालाही सांगितलं असेल. आणि घरच्या खाटेपुढं टेस्टर धरून मी नाचलो.

२३ डिसेंबर

आज भूषणला विचारलं. चहाचा कप दोघांच्या हातात होता.

"पाय येणार न्हाईत, हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी. डॉक्टरांनी मला आणि प्रियाला सांगितलं. तुम्ही औषधं आणायला गेल्ता."

"मंग मला कोणी सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं ना. प्रियानं एकदा, मॅडमनी दोनदा. तुम्ही दरवेळी चहा टाकायला उठला. इतका चहा तर आईनं लग्नातही केला नसंल."

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "केंद्राला न्हाई म्हणताना तरी बोलायचं. तुझं आयुष्य आहे."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बाबा, महिनाभर तुम्ही दारातूनच जायचे. पाय हलला तेव्हापासून रोज आत यायला लागले, खाटेवर बसायला लागले. मला वाटलं, हलणं खोटं ठरलं तर परत दारातूनच जाल."



२४ डिसेंबर

सकाळी चहा घेऊन आत गेलो. पायाला हात लावला नाही.  साहेबरावाच्या मोटरीचं सांगितलं. तो म्हणाला, "गेज एक नंबर जाड घ्या, त्याच्याकडं व्होल्टेज पडतं." मी म्हणालो, "खाचेत बसंल का?" त्यावर अर्धा तास गेला. दुकान उघडायला उशीर झाला.

२ जानेवारी

मी स्वतः केंद्राला फोन लावला. चूक माझी होती, पोराची नाही, असं सांगितलं. त्याच बाई होत्या. बारा जानेवारीची जागा गेली आणि जखमेवर तसंही घेत नाहीत. मार्चमध्ये बघू म्हणाल्या, टाच पूर्ण भरली तर. मग म्हणाल्या, "आता पेशंटशी बोलू का?"

मी फोन भूषणला दिला आणि बाहेर आलो.

१६ जानेवारी

चांगुणानं जुन्या मऊ लुगड्याचा सदरा शिवला, शिवण बाहेरच्या बाजूनं. आणि पोटाला घट्ट पट्टा, कारण दाबलं की कमी दुखतं. पोरगं सांगत होतं, आम्ही ऐकलं नव्हतं. तो घालून आज अंगणात उन्हात बसला. मी त्याच्या आजोबाची गोष्ट सांगितली होती ना, त्याबद्दल त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "आजोबा गप्प बसले, कारण त्यांना विचारलंच कोणी न्हाई."

३० जानेवारी

टाचेला गुलाबी कातडी येते आहे. आणि जशी जखम भरते तसे पाय शांत होत चाललेत. परवा दिवसभरात तीन-चार वेळाच. पूर्वी असतं तर काळजीत पडलो असतो. आता टाच रोज दोन वेळा मीच बघतो, आरसा धरून त्यालाही दाखवतो. तरी पाय गप्प पडलेला बघून बोट तळव्याकडं जातं, मी ते मागं घेतो. इथं लिहितो, कोणाला सांगत नाही.

प्रिया आज बोलली. "मामा, डाळ वाढू का?" एवढंच. मी दोनदा घेतली.

२१ फेब्रुवारी

दवाखान्यात टाच बघितली. पूर्ण भरली. नऊ मार्चची जागा पक्की. प्रियानं सुट्टी टाकली आहे.

मीही येतो म्हणालो. भूषण म्हणाला, "तुम्ही न्हाई."

"का?"

"तुम्ही मला उचलाल."

"पडायला लागलास तर बघत बसू का?"

"हो. तेच शिकायला चाललोय. तिथं घरच्यांना हात लावू देत न्हाईत."

चांगुणा आतून म्हणाली, "यांना तिथं चहाच्या टपरीवर बसवा." सगळे हसले, मीही.

९ मार्च, सोमवार

सकाळी सातला गाडी दारात आली. सुरुची मॅडमनी महिनाभर त्याला फळीवरून सरकायला शिकवलंय. खुर्ची गाडीला चिकटवायची, खुर्ची आणि सीटमध्ये गुळगुळीत फळी टाकायची आणि हातांवर अंग उचलत बोटबोट पुढं सरकायचं. घरात खाटेवर जमतं. गाडीची सीट उंच, त्यावर कधी केलं नव्हतं.

गल्ली गोळा झाली. त्यानं आधीच सांगितलं, कोणी हात लावायचा नाही. प्रिया गाडीपलीकडं जाऊन उभी राहिली, पाठ करून. तिला हे जमतं, मला आज कळलं किती अवघड असतं ते.

अर्ध्या फळीवर आला आणि डावा पाय उडाला. फळी सरकली, तो एका हातावर लटकल्यासारखा तिरपा झाला. साहेबराव "अरे धरा" म्हणत पुढं झाला. मी साहेबरावाचा दंड धरला.

"सोड तात्या, पडून राह्यलंय पोरगं."

"थांब."

"तात्या."

"थांब म्हणलं ना."

भूषणनं गुडघ्यावर कोपर दाबून ठेवला, पाय थरथरून शांत होईपर्यंत. किती वेळ, माहीत नाही.  मग फळी नीट केली आणि परत पहिल्यापासून. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यात जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी साहेबरावाचा दंड सोडला नाही, आता वाटतं, ते त्याला अडवायला नव्हतं, माझा मलाच धरायला होतं.

बसला एकदाचा. दोन्ही हातांनी एक-एक पाय उचलून आत घेतला, टाच कशाला घासत नाही ना ते वाकून बघितलं. धाप लागली होती. कोणाला जय भीम नाही, काही नाही, आधी माझ्याकडं बघितलं.

"बाबा, आता दार लावा."

दार मी लावलं.